पुडी एक, पाणी एक लिटर

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या नातवाला जुलाब झाले की सून ओआरएस देते. पण तो दोन घोट घेऊन तोंड फिरवतो, कधी उलटी करतो. घरी आणखी काय करावं? – एक आजी, सातारा

उत्तर : आजी, आधी एक विचारते, पुडी किती पाण्यात घालता? कितीतरी आया मोठ्या पुडीतली पावडर चमचा-चमचा करून पेल्यात कालवतात. घोटाळा तिथेच होतो. 20.5 ग्रॅमची पुडी एकदमच, पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायची. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं, आणि ते लेकराला खरोखर बाधतं. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ही साखर चवीपुरती नाही. तिच्या जोडीनेच मीठ-पाणी आतड्यातून शरीरात शिरतं. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मिश्रणावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा. मग पेला तोंडाला लावू नका. दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा पाजा. कंटाळवाणं काम आहे, पण तेच पोटात टिकतं. मऊ भात, वरण चालू ठेवा. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या अजिबात नकोत.

शौचात रक्त दिसलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले किंवा पोर मलूल पडलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा, वाटेतही चमचा चालू ठेवा.