शोधलं, पण सापडलं नाही : पीडीएफ आणि आमची ग्रामगीता



चौथीच्या भित्तिपत्रकासाठी 'स्वच्छता' हा विषय होता. एका मुलीने मोबाईलमधल्या ग्रामगीतेच्या पीडीएफमध्ये हा शब्द शोधला आणि म्हणाली, "सर, ह्याच्यात तं स्वच्छताच नाई!" मोझरीत बसून हे ऐकायचं म्हणजे काय! मी छापील पोथी उघडली. 41 अध्यायांत 'ग्रामशुद्धी' आणि 'ग्राम आरोग्य' असे दोन अध्याय तर अनुक्रमणिकेतच दिसतात.

मग मोबाईल खोटं बोलला का? नाही. ती पीडीएफ म्हणजे पानांचे नुसते फोटो होते. आपल्याला त्यात अक्षरं दिसतात, मोबाईलला फक्त काळे-पांढरे ठिपके. घरी तपासून पहा: एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. तेवढाच शब्द निवडला गेला तर आत अक्षरं आहेत, नाही तर बहुधा तो फोटो आहे. (जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईलीत आणखी गंमत होते. शब्द निवडता येतो, पण दुसरीकडे चिकटवला की भलतीच चिन्हं उमटतात.)

फोटोतून अक्षरं काढणाऱ्या तंत्राला ओसीआर म्हणतात. गूगल लेन्समध्ये ते फुकट मिळतं. आपल्या देवनागरीत मात्र त्याची दमछाक होते, कारण शिरोरेषेने अक्षरं एकमेकांना जोडलेली, वर-खाली मात्रा, शिवाय जोडाक्षरं. आम्ही एक पान करून पाहिलं. कुठे 'भ'चा 'म' झाला, कुठे 'घ'चा 'ध'. चुका शोधताना पोरं इतकी रंगली की शुद्धलेखनाचा तास वेगळा घ्यावाच लागला नाही.

अक्षरं बरोबर आली तरी एक अडचण उरतेच. ग्रामगीता 1955 ची आणि मराठी लेखनाचे नवे नियम 1962 चे. जुन्या छपाईत 'शुद्धि' ऱ्हस्व असते, 'घरांत'वर अनुस्वार असतो. आपण 'शुद्धी' टाकलं तर साधा शोध 'शुद्धि'पाशी थांबेलच असं नाही, कारण तो अक्षरं जुळवतो, अर्थ नाही. म्हणून शोधण्याआधी मुलांकडून शब्दांची यादी करून घ्या: स्वच्छ, निर्मळ, साफ, घाण, झाडणे, शुद्धि, शुद्धी. जुना शब्द अडला तर मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. तो फोटोंचा नाही, अक्षरांचा आहे, त्यामुळे शब्द टाकला की थेट नोंद उघडते. पीएचडी करणारे वापरतात तोच कोश आमची चौथीची पोरंही वापरतात, याचं मला फार अप्रूप वाटतं. अर्थ इंग्रजीत असतो, तेवढा मी सांगतो.

सध्या 'ग्राम आरोग्य' अध्याय चालू आहे. एक जण पोथीतून मोठ्याने वाचतो, दुसरा मोबाईलवरची अक्षरं तपासतो. 'नाई' म्हणणारी ती मुलगी आता चुकांची वही सांभाळते.