मुसीकाठची जुनी नावे नकाशावर कशी आणावीत?

प्रश्न : आमच्या काचीगुड्यातील वडीलधारी मंडळी मुसी नदीकाठच्या कुंट्यांची (लहान तळ्यांची), घाटांची, मोहल्ल्यांची जुनी नावे सांगतात. ती नकाशावर नोंदवायची आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : हैदराबादसाठी पाया आयता आहे. मुसीच्या 1908 च्या महापुरानंतर लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली 1912 पासून शहराची तपशीलवार मोजणी झाली. त्या नकाशांत गल्ल्या, विहिरी, तळीसुद्धा दिसतात. मात्र पुराने नेलेली वस्ती त्यांत शोधू नका. तिथे तुमची म्हातारी माणसेच कामी येतील.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना न हललेल्या वास्तू धरा : 1578 चा पुराना पूल, चारमिनार, कोठीतील ब्रिटिश रेसिडेन्सी. दोनच खुणांवर भागवू नका, नकाशा तिरका बसतो. नदीचा काठ खूण म्हणून मुळीच धरू नये. तो सरकलेला आहे.

नाव कानावर पडेल तसे लिहा. शुद्ध करण्याचा मोह आवरा, हे मी मराठी माणसाला मुद्दाम सांगतो! सांगणाऱ्याच्या तोंडून ते ध्वनिमुद्रित करा आणि तेलुगू व उर्दू लिपीतही लिहून घ्या. मासाब टँकचेच पाहा : कुतुबशाही राणी हयात बख्शी बेगम म्हणजे माँसाहेबा, त्यांच्या नावाचे हे तळे. तळे गेले, घासलेले नाव उरले. अशा ठिकाणी दोन्ही रूपे ठेवा आणि ‘तळे, आता नाही’ अशी वेगळी नोंद करा.

प्रत्येक नोंदीत सांगणाऱ्याचे वय, ते नाव कोणत्या काळात चालत होते आणि मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश हवेत. दोघांनी दोन जागा दाखवल्या तर दोन्ही नोंदवा.