विषय आधी ठरवू नकोस

चि. मैत्रेयीस,


तुझा निबंध दोनदा वाचला. ‘किंग लिअर’ आणि ‘नटसम्राट’ शेजारी शेजारी ठेवून वाचावीत असं तुला वाटलं, याचाच मला फार आनंद झाला. भाषा स्वच्छ आहे, कुठे उसनवारी नाही. पण पहिल्याच परिच्छेदात तू जाहीर केलंस की मुलांची कृतघ्नता हा दोन्ही नाटकांचा विषय आहे, आणि पुढची सगळी पानं तेवढं सिद्ध करण्यात गेली. विषय असा आधीच ठरला की पात्रं पढवून आणलेल्या साक्षीदारांसारखी बोलतात. आपल्याला हवं तेवढंच सांगतात.

लिअरचा पहिला प्रवेश पुन्हा काढ. राजा यायच्या आधी केंट आणि ग्लॉस्टर हे दरबारी दोन-चार वाक्यं बोलतात, आणि बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. राज्याच्या वाटणीत दोन्ही जावयांचे हिस्से अगदी तोलून-मापून सारखे आहेत, असं ते सांगतात. म्हणजे वाटणी आधीच झालेली आहे! मग माझ्यावर कोणाचं किती प्रेम ते सांगा, हा प्रश्न लिअर मुलींना भर दरबारात कशासाठी विचारतो? पुढे बघ. गॉनेरिल बोलली की तिचा हिस्सा तिला लगेच मिळतो, रीगन बोलली की तिला. कॉर्डेलियाची पाळी येते तेव्हा नकाशावर एकच तुकडा उरलेला असतो. तिने काहीही म्हटलं असतं तरी जमिनीचा हिशेब बदलणार नव्हता. म्हाताऱ्याला फक्त ऐकायचं होतं, चारचौघांत, मोठ्या आवाजात. लिअर कोण आहे हे समजायला मला त्याच्या वादळातल्या भाषणापेक्षा ही नकाशाची गोष्ट जास्त उपयोगी वाटते.

आता गॉनेरिल. तू तिला सरळ ‘दुष्ट’ म्हटलंस. तिची तक्रार तरी नीट ऐक. शंभर सरदारांचा लवाजमा घेऊन वडील राहायला आलेत, आणि विदूषकाला कोणी बोललं म्हणून त्यांनी तिच्या माणसावर हात टाकलाय. ते सरदार खरोखर धुडगूस घालतात का, हे संहितेत ठामपणे दिसत नाही. गॉनेरिल म्हणते घालतात, लिअर म्हणतो ती खोटं बोलते. दिग्दर्शक पीटर ब्रुकने 1962 साली पॉल स्कोफिल्डला घेऊन हे नाटक केलं, तेव्हा सरदारांना रंगमंचावर खरंच दंगा करायला लावला. त्याबरोबर प्रेक्षकाला मुलीचं म्हणणंही ऐकावं लागलं. पण म्हणून लगेच तिची वकिली करायला जाऊ नकोस. याच बहिणी पुढे बापाला तुफानात बाहेर राहू देतात, आणि ग्लॉस्टरचे डोळे काढले जातात तेव्हा रीगन तिथे उभी राहून आणखी चेतवते. तक्रार खरी होती आणि क्रौर्यही खरं होतं. निबंधात दोन्ही आलं पाहिजे. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

त्याच डोळे काढण्याच्या प्रसंगात एक नोकर आहे. त्याला नावही नाही. लहानपणापासून ज्याची चाकरी केली त्या कॉर्नवॉलवर, रीगनच्या नवऱ्यावर, तो तलवार उपसतो. रीगन त्याला मागून मारते, पण त्याने केलेल्या जखमेने पुढे कॉर्नवॉलही मरतो. जेमतेम काही ओळींची भूमिका, आणि कथानकाची दिशा तिथे बदलते! राजे आणि राजपुत्र बोलत राहतात, आणि हे आता थांबवलं पाहिजे असं वाटून हात उचलतो तो एक चाकर. तुझ्या निबंधात तो कुठेच नाही. पात्रांची यादी वाचताना खालून वर वाचायची सवय लाव.

‘लिअर’चा शेवट सोसत नाही, हे तू प्रामाणिकपणे लिहिलंस ते आवडलं. नाटककार नाहम टेटलाही तो सोसला नव्हता. त्याने 1681 मधल्या आपल्या रूपांतरात लिअर आणि कॉर्डेलिया दोघांना जिवंत ठेवलं, ग्लॉस्टरच्या मुलाशी, एडगरशी, तिचं लग्न लावून दिलं, आणि इंग्लंडची रंगभूमी पुढे दीडशे वर्षं बहुतेक तेच रूप दाखवत राहिली. त्यात विदूषकही नव्हता. शेवट बदलला तर आधीच्या कुठल्या प्रसंगाचं वजन कमी होतं, हे एकदा मनाशी करून बघ. विषय शोधायची याहून खात्रीची वाट मला माहीत नाही.

‘कोसला’बद्दल तू जाता जाता लिहिलंस, म्हणून तेवढंच सांगते. पांडुरंग सांगवीकरवर ‘तुटलेपण’, ‘अस्तित्ववाद’ असे शिक्के मारण्याआधी त्याच्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूची पानं वाच. तिथे तो कसा बोलतो आणि पुण्यातल्या मेसबद्दल, मित्रांबद्दल कसा बोलत होता, हे ताडून पाहा. शिक्का नंतर मारलास तरी चालेल. बहुधा मारावासा वाटणारच नाही.

आता ‘नटसम्राट’. शिरवाडकरांचं हे नाटक 1970 चं, आणि नायकाच्या भूमिकेतल्या डॉ. लागूंचा आवाज आपल्या सगळ्यांच्या कानात इतका बसलाय की गणपतराव बेलवलकर म्हणतील तेच खरं वाटू लागतं. त्या आवाजापासून थोडं लांब उभं राहा. हा माणूस आयुष्यभर टाळ्यांवर जगलाय. मुलांना सर्वस्व देऊन टाकतानाही तो दान करतोय की एक भूमिका करतोय, हा प्रश्न विचारायला घाबरू नकोस. तसं विचारल्याने त्याचं दुःख लहान होत नाही. मुलाच्या, नंदाच्या, घरात त्याचं मोकळंढाकळं वागणं सुनेला खटकतं, तेव्हा तिला घर चालवायचं आहे हेही लिही. आणि मुलीच्या, नलूच्या, घरी आईबापांवर चोरीचा आळ येतो, तिथे मात्र कोणाची कड घ्यायची याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण दोन्ही नाटकांमधला सगळ्यात मोठा फरक तुझ्या हातून निसटलाय. लिअरची राणी नाटकात नाही. इथे गणपतरावांची बायको कावेरी आहे. ज्याला सगळे नटसम्राट म्हणतात त्याला तिने चहा दिला, सांभाळलं, त्याच्या रागाच्या मध्ये उभी राहिली, आणि नलूचं घर सोडल्यावर ती जाते. लिअरला असं सांगणारं, सावरणारं माणूस घरात असतं तर काय झालं असतं, हे शिरवाडकरांनी दाखवलंय, आणि तरीही घर मोडतंच. कृतघ्नतेच्या सूत्रात हे बसत नाही. तू कावेरीला दोन ओळी दिल्या आहेस. निबंध तिच्यापासून सुरू कर आणि मुलं कितव्या पानावर येतात ते बघ.

विंदांनी केलेला ‘राजा लिअर’ हा अनुवाद माझ्याकडे आहे. दादा शनिवारी तिकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. पानांच्या कडेला माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्यांच्याकडे लक्ष न देता वाच. नवा मसुदा झाला की पाठव, घाई नाही.

तुझी,
आत्या