भिंत टीव्ही कशी धरते?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्या काळचा टीव्ही म्हणजे लाकडी पेटीत बसवलेली काचेची मोठी नळी होती. ती जड, खोल आणि ओबडधोबड. ती भिंतीवर टांगण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नसता. आजचा ५५ इंची टीव्ही मात्र पाटासारखा चपटा आहे. रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर, उंची ६८ सेंटिमीटर आणि वजन बहुधा १५ ते २० किलोग्रॅमच्या दरम्यान. टेबलावर तो दोन बारीक पायांवर उभा राहतो, आणि लहान मुलाने धरून ओढला तर सहज पुढे कोसळतो. म्हणून तो भिंतीवर लावणे शहाणपणाचे. पण भिंतीवरून सुटलेला टीव्ही टेबलावरून पडणाऱ्यापेक्षा अधिक उंचीवरून येतो. १८ किलोग्रॅमची वस्तू १.२ मीटर उंचीवरून पडली, तर जमिनीला टेकताना तिच्यात २०० जूलहून अधिक ऊर्जा असते. खाली बाळ खेळत असेल तर काय होईल, हे सांगायला नकोच.

तेव्हा भिंतीतले चार स्क्रू हे वजन कसे पेलतात ते पाहू. 'टीव्ही १८ किलोचा, स्क्रू चार, म्हणजे प्रत्येकावर साडेचार किलो' असा हिशेब पुष्कळ जण करतात. हा हिशेब अर्धाच आहे. वजन खाली ओढते, त्यामुळे स्क्रू आडवे कापले जाण्याचा ताण येतो. लोखंडी स्क्रूला तो सहज सोसतो. खरा धोका दुसऱ्या ओढीचा आहे. टीव्हीचा गुरुत्वमध्य भिंतीपासून काही अंतर पुढे असतो. त्यामुळे वजन भिंतीवरच्या पट्टीला तिच्या खालच्या कडेभोवती फिरवू पाहते आणि वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर उपटू पाहते. ही तरफच आहे. खालची कड हा टेकू, टीव्हीचे वजन हा भार आणि वरच्या स्क्रूंची पकड हे बल.

समजा, वरचे स्क्रू खालच्या कडेपासून २० सेंटिमीटर उंच आहेत. भिंतीला चिकटून बसणाऱ्या साध्या ब्रॅकेटमध्ये गुरुत्वमध्य ८ सेंटिमीटर पुढे आहे असे धरू. टेकूभोवती दोन्ही परिबले सारखी असली पाहिजेत. म्हणून वरच्या स्क्रूंवरची ओढ = १८ × ८ ÷ २० = ७.२ किलोग्रॅम-भार. हे काहीच नाही. आता हाताप्रमाणे बाहेर निघणारे, हवे तिकडे वळणारे ब्रॅकेट घ्या. हात ५० सेंटिमीटर बाहेर ओढला की ओढ होते १८ × ५० ÷ २० = ४५ किलोग्रॅम-भार. टीव्ही तोच, स्क्रू तेच, पण ओढ सहापटीहून अधिक! त्यात ब्रॅकेटचे स्वतःचे वजन आपण धरलेले नाही. कोणी टीव्ही वळवताना त्यावर १० किलोग्रॅमचा जोर टाकला तर आणखी २५ ची भर पडते. म्हणून हिशेबाने येईल त्याच्या निदान चौपट भार पेलेल अशी पकड असावी. आमचे स्पष्ट मत असे की, समोर बसूनच टीव्ही पाहायचा असेल तर बाहेर निघणारा हात घेऊच नये.

हा नियम शाळेत पडताळता येईल. दोन फळ्या काटकोनात जोडून कोपऱ्याशी बिजागरी लावा आणि ती एका उभ्या खांबावर ठोका. उभ्या फळीवर २० सेंटिमीटर उंचीला स्प्रिंगकाटा अडकवून त्याचे दुसरे टोक खांबाच्या खिळ्याला बांधा. आडव्या फळीवर १ किलोग्रॅमचे वजन १०, २०, ३०, ४० सेंटिमीटरवर टांगत जा. वजन नसतानाचा आकडा वजा केला की उत्तरे सुमारे ०.५, १, १.५ आणि २ किलोग्रॅम अशी येतील. मग काटा १० सेंटिमीटर उंचीला लावून हीच मापे घ्या. लांब पट्टीचे ब्रॅकेट आखूड पट्टीच्या ब्रॅकेटपेक्षा चांगले का, ते आपोआप कळेल.

आता भिंतीकडे वळू. प्लॅस्टिकची गिट्टी काय किंवा लोखंडी फास्टनर काय, दोघांचेही काम घर्षणावर चालते. स्क्रू आत शिरतो तशी गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडांवर दाबली जाते. हा दाब जितका जास्त तितके घर्षण जास्त. आज सर्वत्र दिसणारी नायलॉनची गिट्टी जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये काढली. पण दाब सोसणारी भिंत हवी ना! काँक्रीट तो सोसते. भुसभुशीत वीट फुटते, आणि दोन विटांमधल्या सांध्यात तर पकड जवळजवळ नसतेच. गिलाव्याचा थर काही भार पेलत नाही. ५० मिलिमीटरच्या गिट्टीपैकी २० मिलिमीटर गिलाव्यातच गेली, तर उपयोगाची उरली फक्त ३०. ड्रिलमधून पडणारी भुकटी पाहा. आधी करडी येईल, मग लाल आली की वीट लागली. पांढुरकी आणि मऊ भुकटी येतच राहिली तर भिंत हलक्या ब्लॉकची आहे. तिला वेगळ्या, लांब गिट्ट्या लागतात. भोकातली भुकटी सायकलच्या पंपाने फुंकून काढावी, नाही तर गिट्टी भुकटीवरच घसरते. बटणांच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये, तिथे विजेच्या तारा असतात. आणि ड्रिल चालवणारा मोठा, जाणता माणूस असावा.

धरमतरसारख्या गावी याहून वेगळी एक अडचण आहे. अंबा नदी इथे खाडीला मिळते, भरतीचे खारे पाणी आत येते, आणि वारा खारटच असतो. खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर मीठ गिलाव्यातच जाऊन बसते. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी शोषून विरघळते. पावसाळ्यात इथे हे नेहमीचेच. उन्हाळ्यात तेच मीठ पुन्हा स्फटिक बनून गिलाव्याच्या छिद्रांत फुगते आणि थर सुटून पडतो. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. असा पांढरा फुलोरा दिसेल ती भिंत टीव्हीसाठी बाद समजावी. खाऱ्या ओलीत साधा लोखंडी फास्टनरही गंजतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे तो आतून भोकच फोडतो. म्हणून जस्ताचा पातळ लेप दिलेल्यापेक्षा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. किमतीतला फरक टीव्हीच्या मानाने क्षुल्लक आहे.

खरेदीपूर्वी टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधील अंतर मोजा. ते २००, ३००, ४०० मिलिमीटर अशा ठरावीक मापांत असते आणि ब्रॅकेटच्या खोक्यावरही छापलेले असते. उंची ठरवताना घरची माणसे कुठे बसतात ते पाहा. खुर्चीवर बसलेल्याचे डोळे जमिनीपासून सुमारे ११० सेंटिमीटरवर येतात, सतरंजीवर बसलेल्याचे ७५ ते ८० वर. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास ठेवावा. दाराच्या चौकटीइतका उंच टीव्ही दिसायला ऐटदार, पण मानेला ताप. पट्टी धरून पाणसळीने खुणा करा. आणि दर पावसाळा सरल्यावर, गणपतीनंतरच्या आवराआवरीत, पट्टीच्या वरच्या कडेशी पोस्टकार्ड सरकवून पाहा. पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये पूर्वी न शिरणारे कार्ड आता शिरत असेल, तर टीव्ही त्याच दिवशी खाली काढावा.