प्रथमउपजेची टोपली

शास्त्रपाठ : अनुवाद २६:१-११

कापणीच्या दिवसांत उपकारस्तुतीचा विचार करावयास हा अध्याय फार योग्य आहे. इस्राएली शेतकऱ्याने भूमीची प्रथमउपज टोपलीत घालून याजकाकडे न्यावी, अशी आज्ञा येथे दिली आहे. टोपली केवढी असावी हे सांगितलेले नाही. (कापणीच्या सणात ज्यांचे लक्ष लिलावाच्या बोलीकडेच लागलेले असते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.) परंतु तेथे काय बोलावे हे मात्र सविस्तर सांगितले आहे.

त्या बोलण्यात पिकाचा उल्लेख अगदी शेवटी येतो. आपला पूर्वज भटकणारा अरामी होता, तो थोडक्या माणसांनिशी मिसरात गेला, तेथे आम्हांवर कठीण दास्य लादण्यात आले, आम्ही धावा केला व परमेश्वराने तो ऐकला, हे त्याने आधी उघडपणे सांगावयाचे. ज्याने मिसर देश डोळ्यांनी पाहिलाही नाही, त्यानेसुद्धा 'आम्ही' असेच म्हणावयाचे! आपल्यांतील कित्येक शिकलेले तरुण आपल्या आज्यापणज्यांचे हाल सांगावयास लाजतात. देवाने कोठून काढले हे जो लपवितो, तो उपकार कशाचे मानणार?

अकरावे वचन पुष्कळदा घाईने वाचले जाते. टोपली ठेवल्यावर लेवी व उपरी यांच्यासह आनंद करावयाचा आहे. लेव्यास वतनाची जमीन नव्हती, आणि उपरी तर परकाच. म्हणून उपदेशकांनी कापणीच्या उपासनेपूर्वी एवढे करावे : गावात ज्याच्या घरी यंदा काही पिकले नाही त्यास, तो आपल्या मंडळीचा नसला तरी, जेवणाचे आमंत्रण आधी पोहोचवावे.