अंतर्कर्णाची घडण

बाहेरून दिसणारा कान ध्वनी गोळा करण्यापुरताच उपयोगी असतो. ऐकण्याचे खरे कार्य मस्तकाच्या कठीण हाडात सुरक्षित असलेला अंतर्कर्ण करतो. त्याची घडण बालक जन्मास येण्यापूर्वी कितीतरी महिने आधी सुरू होते.

चौथ्या आठवड्याच्या प्रारंभी गर्भ गव्हाच्या दाण्याहूनही लहान असतो. त्या वेळी त्याच्या मस्तकाच्या दोन्ही बाजूंस बाह्य आवरणाचा थोडासा भाग जाड होऊ लागतो. कणकेच्या गोळ्यावर बोट दाबले असता जसा खळगा पडतो, तसा हा भाग आत दबतो. मग खळग्याच्या कडा एकमेकींस मिळतात, त्याचे तोंड मिटते आणि एक इवलीशी बंद पिशवी तयार होते. ती आवरणापासून सुटून आत जाते. तिच्यापासूनच पुढे अंतर्कर्ण आकारास येतो.

पिशवीच्या वरच्या भागातून तीन अर्धवर्तुळाकार नलिका निर्माण होतात. डोके कोणत्या दिशेस वळले, हे त्या मेंदूस कळवितात. म्हणूनच मनुष्यास तोल सावरता येतो. खालचा भाग लांबत जातो. परंतु तो सरळ न वाढता गोगलगाईच्या शंखाप्रमाणे स्वतःभोवती वळतो. दहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याचे अडीच वेढे पूर्ण होतात. यासच कर्णावर्त असे म्हणतात.

कर्णावर्तात सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. इटालियन शास्त्रज्ञ अल्फोन्सो कोर्ती याने १८५१ मध्ये त्यांच्या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. एका कानात अशा सुमारे १५,००० पेशी असतात. ध्वनीमुळे कर्णावर्तातील द्रवात तरंग उठतात, पेशींवरील केस लवतात आणि मेंदूकडे संदेश जातो. सहाव्या महिन्याच्या सुमारास गर्भ आवाजास प्रतिसाद देऊ लागतो. जग पाहण्यापूर्वीच त्यास आईचा स्वर ओळखीचा होतो.

ही घडण जितकी अद्भुत, तितकीच नाजूक आहे. गर्भारपणाच्या पहिल्या काही महिन्यांत मातेस रुबेला हा साधा वाटणारा रोग झाला, तर बालक जन्मतःच बहिरे होऊ शकते. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांनी या रोगाचा अर्भकांच्या नेत्रदोषांशी असलेला संबंध दाखवून दिला. लवकरच बहिरेपणाचाही संबंध उघड झाला. पुढे या रोगावर लस निघाली. भारतात २०१७ पासून गोवर व रुबेला यांची एकत्रित लस बालकांना देण्यात येऊ लागली.

मनुष्याच्या कानातील या पेशी एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा उत्पन्न होत नाहीत. कर्कश आवाजानेही त्यांचा नाश होतो. गर्भात मूकपणे घडलेले हे धन आयुष्यभर पुरवायचे असते; म्हणून त्याचे जतन करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

स्वाध्याय
१. बंद पिशवी कशी तयार होते?
२. अर्धवर्तुळाकार नलिकांचे कार्य कोणते?
३. कानांचे जतन का करावे?