लॅपटॉपची खरेदी : सोयी, किंमत आणि सूट
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला शाखेच्या विद्यार्थ्याला लॅपटॉप कशाला हवा, असा प्रश्न आता कोणी विचारीत नाही. प्रकल्प टंकलिखित करणे, संदर्भग्रंथ वाचणे, व्याख्याने पाहणे, अर्ज भरणे ही सारी कामे त्यावरच होतात. परंतु तो विकत कसा घ्यावा हे मात्र कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही. आपण जे अर्थशास्त्र परीक्षेसाठी शिकतो, ते दुकानाच्या पायरीवर चढताना घरीच विसरून जातो. या लेखात त्याची आठवण करून द्यावी, एवढाच हेतू आहे.

आमच्या घरी लॅपटॉप आला तो आईच्या भिशीच्या पैशांतून. जून 2025 मध्ये तिने 50,000 रुपये माझ्या हाती ठेवले आणि एवढेच म्हणाली, "दादासारखं करू नकोस." दादाने 2021 मध्ये घाईघाईने एक लॅपटॉप घेतला होता. त्यात 4 जीबी रॅम होती. "पुढे केव्हाही वाढवता येईल," असे विक्रेत्याने तोंडी सांगितले होते. वर्षभरात यंत्र रखडू लागले. दुरुस्ती करणाऱ्याने ते उघडून दाखविले, तेव्हा रॅम मुख्य पाटीलाच डाख देऊन जोडलेली होती आणि जादा खाचही नव्हती. पैसे गेले आणि काम अडले ते अडलेच.

यावरून पहिला धडा असा की, लॅपटॉपचे भाग दोन प्रकारचे असतात : नंतर बदलता येणारे आणि न येणारे. प्रोसेसर, पडदा आणि कळफलक हे जवळजवळ कायमचे सोबती होत. रॅम व साठवणुकीची एसएसडी काही यंत्रांत बदलता येते, काहींत नाही. म्हणून जे बदलता येत नाही त्यावर आधी पैसे खर्च करावेत आणि जे वाढविता येते ते गरज पडेल तेव्हा वाढवावे. रॅमची खाच रिकामी आहे की नाही, हे विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता कंपनीच्या तपशीलपत्रकात स्वतः पाहावे.

आता किती घ्यावे? येथे घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त उपयोगी पडतो. तहानलेल्याला पहिला पेला अमृतासमान, चौथा नकोसा. रॅमचेही तसेच. विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम लागते, पण तेवढ्यावर काम रखडते. 8 जीबीवर आपले लेखन-वाचन नीट चालते. 16 जीबी असली तर अनेक कामे एकाच वेळी उघडी ठेवता येतात आणि यंत्र अधिक वर्षे पुरते. 32 जीबीचा लाभ चित्रपट-संकलन करणाऱ्याला होईल. निबंध लिहिणाऱ्याला त्याचा काय उपयोग? फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतल्यास वेगातील फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. परंतु 512 जीबीवरून 1 टीबीवर गेल्याने वेग वाढेलच असे नाही, प्रामुख्याने जागा वाढते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड खेळ खेळणाऱ्यांसाठी व चित्रकामासाठी. इतरांना त्याचे ओझे आणि वीजखर्चच पदरी पडतो. उलट, चांगला पडदा दररोज चार-पाच तास डोळ्यांसमोर असतो. त्यात केलेली काटकसर डोळ्यांना महाग पडते.

दुसरा धडा किमतीचा आहे. मला दुकानात 8 जीबीचे यंत्र 49,000 रुपयांना आणि तेच 16 जीबीचे 55,000 रुपयांना सांगितले. फरक 6,000 रुपयांचा. त्याच दिवशी 8 जीबी रॅमची सुटी पट्टी 2,000 रुपयांना मिळत होती. मग 4,000 रुपये कशाचे? याचे उत्तर फ्रेंच अभियंता ज्यूल द्युप्वी याने 1849 मध्येच दिले आहे. त्या काळी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्पर नसे. त्याचे कारण छपराचा खर्च नव्हे, असे त्याने दाखविले. गरिबांना त्रास द्यावा असाही हेतू नव्हता. ज्यांना दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्यांनी तिसऱ्या वर्गात बसू नये, एवढाच होता. लॅपटॉपच्या पायऱ्याही पुष्कळदा अशाच रचलेल्या असतात. वरच्या पायरीची किंमत सुट्या भागाच्या किमतीवर ठरत नाही, तर गिऱ्हाईक किती देऊ शकेल यावर ठरते.

ए. सी. पिगू याने 1920 मध्ये 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात मूल्यभेदाचे तीन प्रकार सांगितले, ते आपल्या अभ्यासक्रमात आहेतच. विद्यार्थ्यांना मिळणारी शैक्षणिक सवलत हा तिसऱ्या प्रकारचा मूल्यभेद होय. ॲपलसारख्या काही कंपन्या ती देतात. तेव्हा महाविद्यालयाचे ओळखपत्र खिशात असावे. वर सांगितलेल्या पायऱ्या आज दुसऱ्या प्रकारात गणल्या जातात. आणि विक्रेता आपला चेहरा पाहून भाव सांगतो, तेव्हा तो पहिल्या प्रकाराच्या जवळ जात असतो. आपले संतोषाधिक्य तो स्वतःकडे वळवू पाहतो. घासाघीस म्हणजे ते आपल्याकडे राखण्याचा प्रयत्न. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

परंतु घासाघीस म्हणजे आवाज चढविणे नव्हे. 'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण तिचे सारे मर्म सांगते. रॉजर फिशर आणि विल्यम यूरी यांनी 1981 च्या 'गेटिंग टू येस' या पुस्तकात हाच विचार शास्त्रशुद्धपणे मांडला : बोलणी फिसकटली तर आपल्या हाती दुसरा पर्याय कोणता आहे, यावर आपले बळ अवलंबून असते. म्हणून मी आधी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन एका दुकानातून त्याच यंत्राचे लेखी दरपत्रक आणले. भाव होता 47,500 रुपये. मग गावातल्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "काका, घ्यायचा तुमच्याकडूनच आहे. पण हे बघा, आणि काय जमतं ते सांगा." काकांनी कागद पाहिला, चहा मागविला आणि बोलणे सुरू झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लॅपटॉपच्या मूळ किमतीत लहान विक्रेत्याचा नफा फार नसतो. पिशवी, माउस, वाढीव हमी अशा जोडवस्तूंत तो तुलनेने अधिक असतो. म्हणून रोख सूट एका मर्यादेनंतर थांबली की वस्तूंच्या रूपाने मागावी. शेवटी यंत्र 47,000 रुपयांना ठरले, पिशवी व माउस त्यातच. वर 2,000 रुपयांत रिकाम्या खाचेत 8 जीबी रॅम बसवून मिळाली. त्यामुळे हमीला बाध येणार नाही, हे काकांनी बिलावर लिहून दिले. एकूण 49,000 रुपये, म्हणजे 55,000 रुपयांच्या यंत्राइतकीच रॅम. अर्थात हे गणित नेहमीच जुळेल असे नाही. 2025 च्या अखेरीस मेमरीचे भाव बरेच चढले. तेव्हा सुट्या पट्टीचा त्या दिवशीचा भाव काढूनच हिशेब करावा.

आणखी तीन सापळ्यांविषयी सावध राहावे. एक, छापील किमतीवरील सूट. छापील किंमत ही सर्व करांसह कमाल मर्यादा असते. तिच्यावर 30 टक्के सूट म्हणजे मेहेरबानी नव्हे. तुलना बाजारभावाशीच करावी. दोन, बिनव्याजी हप्ते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वात नसल्याचे बजावले होते. रोखीने 45,500 रुपयांना मिळणारी वस्तू हप्त्याने 48,000 रुपयांना पडत असेल, तर 2,500 रुपये हेच व्याज होय. तीन, "बिल नको, 18 टक्के जीएसटी वाचेल" हा सल्ला. बिल नसेल तर हमी सांगणे अवघड आणि ग्राहक आयोगापुढे पुरावाही दुबळा. शिवाय तो कर चुकविणेच झाले.

घरी आल्यावर उरलेले 1,000 रुपये आईच्या हातात दिले. तिने सूट किती मिळाली हे विचारले नाही, "नंतर वाढवता येतं ना, हे नीट पाहिलंस का?" एवढेच विचारले. मी झाकण उघडण्याआधी वाचलेले तपशीलपत्रक तिच्यापुढे ठेवले. दादाने ते तिच्या हातून घेऊन शेवटपर्यंत वाचले.

मित्रहो, सूट दुकानात मिळते खरी. पण बचत घरीच होते. आपल्याला काय नको, हे कागदावर लिहून काढले की निम्मी घासाघीस तेथेच संपते. घरच्यांनी महिनोन्महिने साठविलेला पैसा आपण एका दुपारी खर्च करीत असतो. त्या दुपारीपुरता तरी आपला अभ्यास आपल्या सोबत असावा.